रेस रेप्लिका गाडीसाठी दुपटीहून अधिक किंमत मोजावी का?

लेथवाला_भोसरी

नमस्कार मंडळी,

गेली एकवीस वर्षे मी मोटरसायकल चालवतो आहे. भोसरीत माझा सीएनसी मशीनिंगचा छोटा कारखाना आहे. त्याचे शेवटचे मोठे कर्ज पुढच्या महिन्यात फिटते आहे आणि त्यानंतर मी स्वतःसाठी मनासारखी एक गाडी घ्यावी, असे घरात सर्वांनी मिळून ठरवले आहे. निर्णय मात्र माझ्याच्याने होत नाही, म्हणून हा प्रश्न सविस्तर लिहितो.

ओळखीतल्या एका गृहस्थांकडे २०२३ ची बीएमडब्ल्यू एम १००० आरआर आहे. ती जेमतेम १,९०० किलोमीटर चालली आहे. जून २०२३ मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा तिची शोरूम किंमत ४९ लाख रुपये होती, आणि हे गृहस्थ आता ५२ लाख मागत आहेत. त्यांचे म्हणणे असे की ही रेसच्या गाडीची रस्त्यावर चालणारी प्रत आहे, अशा गाड्या मोजक्याच बनतात, आणि म्हणून तिची किंमत यापुढे वाढतच जाणार. त्याच काळात साधी एस १००० आरआर २० लाख २५ हजारांपासून मिळत होती. साधीची ताकद २१० अश्वशक्ती आहे, तर एमची २१२. म्हणजे कागदावर दोन अश्वशक्तींसाठी पावणेएकोणतीस लाखांचा फरक पडतो.

कागदावरच्या आकड्यांपलीकडे मला एक गोष्ट ओढते आहे आणि ती मी लपवत नाही. एमच्या इंजिनात टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे, आहेत, आणि प्रत्येक रॉड साध्या गाडीच्या रॉडपेक्षा ८५ ग्रॅमने हलका आहे. आमच्याकडे अधूनमधून टायटॅनियमचे काम येते. त्या धातूवर टूल किती लवकर बोथट होते, शीतक थोडे कमी पडले तरी कडा कशी जळते, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहतो. असा रॉड मिनिटाला पंधरा हजार फेऱ्यांच्या आसपास टिकून राहतो, याचे मोल मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पण माझ्या पत्नीने एकच प्रश्न विचारला, "ही गाडी तुम्ही नेणार कुठे?" आणि त्याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.

ज्यांनी अशा गाड्या घेतल्या, सांभाळल्या किंवा विकल्या आहेत, त्यांनी कृपया अनुभवाने सांगावे. ही किंमत योग्य आहे का?

जुना_पिटवाला

लेथवाले साहेब, नमस्कार. मी कोल्हापूरचा. तरुणपणी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर बरीच वर्षे एका संघाबरोबर पिटमध्ये, म्हणजे शर्यतीच्या गाड्यांची देखभाल होते तिथे, काम केले आहे. आपल्या प्रश्नाला थेट उत्तर देण्याआधी एक भेद स्पष्ट करावा लागेल, कारण विक्रेते तो नेहमी पुसून टाकतात.

"रेस रेप्लिका" या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वंशांच्या गाड्या विकल्या जातात. पहिल्या प्रकारात कंपनी नेहमीच्या गाडीला रेसच्या संघाचे रंग देते, प्रायोजकांची नावे चिकटवते, क्वचित टाकीवर विजेत्याची स्वाक्षरी घेते आणि क्रमांकाची पट्टी लावते. आपल्याकडच्या यामाहा आर१५ ची मोटोजीपी आवृत्ती याच प्रकारातली आहे. इंजिन तेच, चेसिस तीच, फक्त रंग निराळा. तिथे किमतीतला फरक फार थोडा असतो, त्यामुळे ज्याला रंग आवडतो त्याने ती आनंदाने घ्यावी. तोच प्रकार लाखांच्या फरकाने विकला जाऊ लागतो तेव्हा माझा आक्षेप सुरू होतो.

दुसरा प्रकार रेसच्या नियमांमुळे जन्माला येतो. वर्ल्ड सुपरबाइक स्पर्धेत कारखान्यात खास घडवलेली एकुलती एक गाडी उतरवता येत नाही. जी गाडी पळवायची ती आधी ठरावीक संख्येने बनवून सामान्य ग्राहकाला विकावी लागते. इंजिनातले कित्येक भागही रस्त्यावरच्या गाडीत जे बसवले त्याच घडणीचे ठेवावे लागतात. म्हणून रेसमध्ये टायटॅनियमचा रॉड हवा असेल, तर तो आधी शोरूममधल्या गाडीत घालावा लागतो. डुकाटीच्या पानिगाले व्ही४ आरकडे पाहिले की हे लगेच कळते. साध्या पानिगाले व्ही४ चे इंजिन ११०३ सीसीचे होते, पण स्पर्धेत चार सिलिंडरला हजार सीसीची मर्यादा असल्यामुळे आर मुद्दाम ९९८ सीसीची केली गेली. महाग गाडीचे इंजिन स्वस्त गाडीच्या इंजिनापेक्षा लहान का, असे मला पुष्कळ जण विचारतात. उत्तर नियमपुस्तकात आहे. पात्र गाडीच्या विक्रीकिमतीवरही स्पर्धेने ४० हजार युरोंची मर्यादा घातली होती, आणि २०१९ ची व्ही४ आर युरोपात ३९,९०० युरोंना आली. २०२३ मध्ये तिचीच सुधारित आवृत्ती भारतात ६९ लाख ९० हजारांना लागली. हा फरक कसा पडतो ते पुढे कोणी जाणकार सांगेलच.

या दुसऱ्या वंशाची मूळ पुरुष म्हणावी अशी गाडी होंडाची व्हीएफआर७५०आर, म्हणजे आरसी३०. १९८७ मध्ये ती जपानमध्ये आली, १९८८ मध्ये वर्ल्ड सुपरबाइक स्पर्धा सुरू झाली, आणि पहिली दोन्ही विजेतेपदे फ्रेड मर्केल यांनी याच गाडीवर मिळवली. ७४८ सीसीचे व्ही४ इंजिन, गिअरवर फिरणारे कॅमशाफ्ट, टायटॅनियमचे रॉड, आणि टिकाव धरणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत चाक पटकन बदलता यावे म्हणून मागचे चाक एका बाजूनेच धरणारा दांडा, म्हणजे स्विंगआर्म. यातली एकही गोष्ट दिखाव्यासाठी नव्हती. तीन दशकांनंतर, २०२० मध्ये, होंडाने जपानमध्ये या गाडीचे सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. जुन्या गाडीला खरे मोल येते ते अशाने, कारण जिचे भाग मिळत नाहीत ती कितीही दुर्मीळ असली तरी अखेर दिवाणखान्यात उभी राहते.

मोटोजीपीच्या प्रतींचे गणित याहून वेगळे आहे. त्या स्पर्धेतल्या गाड्या विकण्यासाठी नसतातच, त्यामुळे प्रत बनवण्याची सक्ती कोणावर नसते. २०१५ मध्ये होंडाने आरसी२१३व्ही-एस आणली, युरोपात १,८८,००० युरोंना. मूळ रेसच्या गाडीतले हवेच्या दाबावर चालणारे व्हॉल्व्ह आणि विनाखंड गिअर बदलणारा गिअरबॉक्स तिच्यात नव्हते. ताकद १५९ अश्वशक्ती होती आणि वेगळे किट घेतले तर २१५. अमेरिकेत आवाजाच्या नियमांमुळे ती १०१ वर आली. हातांनी जुळवलेली, अतिशय सुंदर गाडी, यात शंका नाही. पण जे विकत मिळणे शक्यच नव्हते त्याच्या जवळ जाण्याची ती किंमत होती.

याच फूटपट्टीने आपल्या देशातल्या दोन गाड्या पाहा. डिसेंबर २०२१ मध्ये टीव्हीएसने अपाचे आरटीआर १६५ आरपी काढली. संख्या २००, किंमत १ लाख ४५ हजार. तिच्यात सिलिंडर हेड नवे होते, व्हॉल्व्ह मोठे होते, मागची डिस्क २४० मिमीची होती. म्हणजे जास्तीचे पैसे लोखंडात आणि अॅल्युमिनियममध्ये गेले होते, रंगात नव्हे. दुसरी केटीएमची आरसी ३९० आर. लहान गाड्यांच्या सुपरस्पोर्ट ३०० स्पर्धेसाठी २०१८ मध्ये ती जगभरासाठी ५०० काढली होती. तिची मूळ आरसी ३९० आपल्या चाकणला बनते. भोसरीहून चाकण किती अंतरावर आहे हे आपल्याला सांगायला नको! त्याच वर्षी ती स्पर्धा आना कारास्को यांनी कावासाकीच्या निंजा ४०० वर जिंकली. म्हणजे नियमासाठी खास काढलेली ५०० ची आवृत्ती हाती असूनही विजेतेपद दुसऱ्याच गाडीला गेले, हेही लक्षात असू द्यावे.

आता आपल्या एमविषयी. ती निःसंशय दुसऱ्या वंशाची आहे. २०२४ मध्ये तोप्राक राजगातलिओग्लू यांनी बीएमडब्ल्यूला वर्ल्ड सुपरबाइकचे पहिले विजेतेपद मिळवून दिले ते एम १००० आरआरवरच. जास्तीचे पैसे इंजिनात, कार्बनच्या चाकांत आणि टायटॅनियमच्या सायलेन्सरमध्ये खरोखर गेलेले आहेत. परंतु "मोजक्याच बनतात" हा विक्रेत्याचा दावा मला पटत नाही. २०२१ मध्ये आली, २०२३ मध्ये नव्या रूपात आली, २०२५ मध्ये पुन्हा सुधारून आणि आणखी ताकदवान होऊन आली. स्पर्धा चालू आहे तोवर कंपनीला पुढची आवृत्ती काढावीच लागेल, आणि दर नव्या आवृत्तीबरोबर मागची एक पायरी खाली उतरेल. आरसी३० ला मोल चढले ते तिचा काळ संपल्यावर. शोरूम किमतीपेक्षा तीन लाख जास्त देण्याचे कारण मला कुठेच दिसत नाही.

मिडलंड्सकर

मूळचा सांगलीचा, सध्या इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. सहा वर्षांपूर्वी मी एक क्रमांकित रेस रेप्लिका नवी घेतली. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण माझ्या अनुभवात चूक बरीचशी माझी होती.

गाडी घरी आली त्या दिवशी हॅण्डलखालच्या पट्टीवर कोरलेला क्रमांक मी कितीतरी वेळ नुसता पाहत बसलो होतो. पुढे त्याच क्रमांकाने माझे हात बांधले. पावसात न्यायची नाही, कारण क्रमांकित आहे. मित्राला द्यायची नाही. ट्रॅकवर न्यायची नाही, कारण पडली तर कार्बनचे फेअरिंग, म्हणजे बाहेरचे आवरण, फुटेल. पहिल्या तीन वर्षांत ती एकूण १,४०० मैल चालली, आणि या काळात माझे खरे फिरणे जुन्या ६०० सीसीच्या गाडीवरच झाले. मग एकदा उभ्या गाडीला शेजारच्या मोटारीचा धक्का लागून ती आडवी झाली. उजव्या बाजूचा कार्बनचा तुकडा मिळायला सात महिने लागले, कारण तो भाग त्या आवृत्तीपुरताच बनला होता आणि साध्या गाडीचा तिला बसत नव्हता. पैशाचे दुःख विसरता येते. पण दोन उन्हाळे गाडी कापडाखाली गेली आणि इथे उन्हाळे किती लहान असतात ते इथे राहणाऱ्यालाच माहीत.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की पैसे देण्याआधी त्या गाडीतले कोणते भाग केवळ तिचेच आहेत याची यादी करा, आणि त्यातला प्रत्येक भाग किती दिवसांत मिळेल हे विक्रेत्याकडून नव्हे, तर अधिकृत सर्व्हिस केंद्राकडून लेखी घ्या. टायरही त्यात धरा. डुकाटीने २००७ च्या सुमारास डेस्मोसेडिची आरआर या नावाने १,५०० गाड्या काढल्या, अमेरिकेत ७२,५०० डॉलरना. त्या गाडीचे मागचे चाक रेसच्या गाडीसारखे १६ इंचांचे होते आणि ब्रिजस्टोनने टायर खास तिच्यासाठी बनवला होता. एका गाडीपुरत्या बनलेल्या टायरवर अवलंबून राहणे म्हणजे काय, हे तिच्या मालकांनी पुढे अनुभवले. आपल्या एमला नेहमीच्या मापाचे टायर लागतात, ही जमेची बाजू.

ट्रायम्फची डेटोना मोटो२ ७६५ इथे पुष्कळ दिसते, तिच्याबद्दल चांगले बोलायला हवे. मोटोजीपीच्या खालच्या वर्गाच्या मोटो२ स्पर्धेला २०१९ पासून ट्रायम्फ इंजिने पुरवते. त्याच घराण्याचे १३० अश्वशक्तीचे इंजिन, ओहलिन्सचे सस्पेन्शन, कार्बनचे फेअरिंग, आणि किंमत १५,७६५ पौंड. युरोप व आशियासाठी ७६५ आणि उत्तर अमेरिकेसाठी ७६५ इतक्याच त्या बनल्या. मी दोन वेळा ती चालवली आहे. एवढ्या ताकदीत वळणावर गाडी आपल्या हातात राहते आणि इंजिन शेवटपर्यंत फिरवता येते. दोनशेपार अश्वशक्तीच्या गाडीत सार्वजनिक रस्त्यावर तो आनंद कधी मिळत नाही, कारण पहिल्या गिअरमध्येच कायद्याची मर्यादा ओलांडलेली असते.

माझी गाडी मी गेल्या वर्षी विकली. हाती आलेले पैसे मी भरलेल्या रकमेपेक्षा कमी होते, आणि विमा व देखभाल धरली तर बरेच कमी होते.

विमा_नाशिक

मी वाहनविम्याचे काम करतो, तेव्हा तेवढ्याच भागाबद्दल लिहितो.

आपल्याकडे वाहनाचे विमामूल्य शोरूम किमतीवरून आणि वयावरून ठरते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. या तक्त्यात मर्यादित आवृत्तीसाठी वेगळा रकाना नाही. म्हणजे ४९ लाखांची गाडी चौथ्या वर्षात विम्याच्या लेखी २९ लाख ४० हजारांची असते. साहेबांनी ५२ लाख दिले आणि त्यानंतर गाडी चोरीला गेली, तर मधली साडेबावीस लाखांहून थोडी अधिक रक्कम कोणत्याही विमा कंपनीकडून येणार नाही. बाजारात तिला काय भाव आहे, हा युक्तिवाद तिथे चालत नाही. सेकंडहॅण्ड गाडीसाठी जास्तीची रक्कम देताना हा भाग बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

पिटवाले काकांनी युरोपातल्या आणि इथल्या किमतीतला जो फरक सांगितला, त्याविषयी थोडक्यात सांगतो. पूर्ण बांधणीच्या आयात मोटरसायकलींवर, १६०० सीसीपर्यंत, सीमाशुल्क पूर्वी ५० टक्के होते. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ते ४० झाले. जीएसटी उपकरासह ३१ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरील गाड्यांना तो सरसकट ४० टक्के लागू झाला. कर एकावर एक चढतात, त्यामुळे गाडीबरोबर बंदरावर शंभर रुपयांना उतरलेला टायटॅनियमचा सायलेन्सर या नव्या दरांनी विक्रेत्याचा नफा धरण्याआधीच १९६ रुपयांना पडतो. वर महाराष्ट्राचा एकरकमी रस्ताकरही किमतीच्या टक्क्यांतच असतो. परदेशी लेखात "एवढ्या पैशांत रास्त आहे" असे वाचून आपण इथे निर्णय घेतो, तेव्हा प्रत्यक्षात दुसऱ्याच किमतीवर निर्णय घेत असतो.

आणखी एक. रेसचे किट रस्त्यावरच्या गाडीला बसवले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो बेकायदा बदल ठरू शकतो, आणि अपघातानंतर दावा अडकतो. गाडीबरोबर असे काही सामान येत असेल तर ते वेगळ्या खोक्यातच राहू द्या.

ट्रॅकताई_ठाणे

लेथवाले दादा, मी वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाते, म्हणून वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

महाराष्ट्रातले सर्वांत गुळगुळीत रस्ते आपल्याला बंदच आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धी महामार्गावर बंदी, अटल सेतूवरही बंदी. उरतात ते घाट आणि जुने महामार्ग, जिथे एमच्या फेअरिंगवरचे पंख काहीच करत नाहीत. २०२३ च्या आवृत्तीत ते पंख गाडीला २२.६ किलोंनी खाली दाबतात, पण ताशी ३०० किलोमीटर वेगाला. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे आणि कोइम्बतूरचा करी स्पीडवे २.१ किलोमीटरचा; दोन्हीकडे तो वेग येतच नाही. एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा मिळतो तो ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला.

तरीही मी वरच्या सर्वांशी पूर्ण सहमत नाही. हातमागावरची येवल्याची पैठणी घेताना आपण ती किती वेळा नेसणार याचा हिशोब करत नाही. विणणाऱ्याचे महिने आपल्याला दिसतात आणि त्याची किंमत आपण मनापासून देतो. ज्या माणसाला रॉडमधले ८५ ग्रॅम दिसतात, त्याने त्यासाठी जास्त पैसे दिले तर ती उधळपट्टी नाही. मात्र पैठणी नेसली तरच पदर दिसतो, आणि तो रॉड तर इंजिनाच्या पोटात आहे. गाडी चालवूनच तो आपल्याला जाणवणार असेल, तर तो जाणवण्याइतकी गाडी आपल्याला चालवता यायला हवी. मला अजून एस १००० आरआरसुद्धा पूर्णपणे वापरता येत नाही, आणि मी सहा वर्षे शिकते आहे.

लेथवाला_भोसरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन रात्री सगळे पुन्हा पुन्हा वाचले. पत्नीलाही वाचून दाखवले.

विक्रेत्यांना मी काल नकार कळवला. विम्याचा तक्ता समोर ठेवल्यावर ते ४६ लाखांपर्यंत उतरले होते, पण तोवर माझ्या मनातला प्रश्न किमतीचा उरला नव्हता. मिडलंड्सकरांनी कापडाखालच्या दोन उन्हाळ्यांबद्दल लिहिले आहे, ते वाचताना मी स्वतःला ओळखले. माझ्या हातूनही तेच झाले असते. ताईंचे म्हणणे तर अगदी नेमके लागले. मला इंजिनातला रॉड हवा होता, आणि त्यासाठी मी सबंध गाडी विकत घ्यायला निघालो होतो.

आता असे ठरवले आहे की एक चांगली वापरलेली एस १००० आरआर शोधायची, आणि पावसाळा संपला की इरुंगट्टुकोट्टईला प्रशिक्षणासाठी जायचे. हे वर्षातून निदान दोनदा आणि सलग तीन वर्षे करायचे. ताई, आपण कोणत्या प्रशिक्षकांकडे शिकलात ते मला खासगी संदेशात कळवाल का? पहिल्या खेपेला स्वतःची गाडी टेम्पोत घालून न्यावी, की तिथेच भाड्याची लहान गाडी घेऊन सुरुवात करावी, हेही सांगा.

पिटवाले काका, आपल्याकडे एक मागणे आहे. रेसमध्ये आयुर्मान संपल्यामुळे काढून टाकलेला टायटॅनियमचा एखादा रॉड आपल्या ओळखीतल्या कुठल्या संघाकडे पडून असेल, तर तो मला योग्य किमतीला हवा आहे. वाकलेला किंवा तडा गेलेला असला तरी चालेल. मोठ्या बाजूचे बोअर कसे फिनिश केले आहे आणि बोल्टच्या बसणीपाशी किती त्रिज्या ठेवली आहे, हे मला मापून पाहायचे आहे. कारखान्यातल्या मुलांनाही तो हातात घेऊन पाहू दे.